मचाणावरचा गोटा, पाइपाची धार आणि तालुक्याची गोळाफेक

या महिन्याच्या डाकेत आलेली पाच पत्रे वेगवेगळ्या तालुक्यांतली आहेत. कोणी ज्वारीच्या वावरातून लिहिले आहे, कोणी संत्र्याच्या बागेतून, तर एक पत्र शाळेच्या मैदानावरून आले आहे. विचारणा मात्र सर्वांची एकाच गोष्टीची आहे. हातातून, पाइपातून किंवा नोझलमधून एकदा सुटलेली वस्तू हवेतून जाताना काय करते, हा तो प्रश्न. पदार्थविज्ञानात अशा वस्तूला प्रक्षेप्य म्हणतात. पत्रे थोडी आटोपशीर करून, पण पत्रलेखकांच्या म्हणण्याला धक्का न लावता खाली दिली आहेत.

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती) : मी मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरे हाकतो. माझा अकरावीतला मुलगा म्हणतो की मचाणावरून एक गोटा नुसता सोडला आणि त्याच क्षणी दुसरा जोराने आडवा भिरकावला, तर दोन्ही एकदमच जमिनीला टेकतील. दूर जाणाऱ्या गोट्याला जास्त वेळ लागायला नको का? आमच्यात कोण बरोबर?

उत्तर : मुलगा बरोबर आहे, पण त्याच्या म्हणण्यात दोन अटी लपलेल्या आहेत. जमीन सपाट हवी, आणि दुसरा गोटा अगदी आडवा, म्हणजे क्षितिजाला समांतर सुटायला हवा.

पृथ्वी गोट्याला खाली ओढते तेव्हा तो पुढे किती वेगाने चालला आहे याची चौकशी करत नाही. पुढे जाण्याचा हिशेब वेगळा आणि खाली पडण्याचा वेगळा. दोन्ही खाती एकाच वहीत असली तरी एकातली रक्कम दुसऱ्यात जात नाही. खाली पडण्याच्या खात्यात दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढ्या वेगाची भर पडत जाते. पुढे जाण्याच्या खात्यात, हवेचा अडथळा सोडला, तर काहीच भर पडत नाही आणि काही कमीही होत नाही. आपला हात जमिनीपासून ३ मीटर उंच आहे असे धरले, तर सोडलेला गोटा सुमारे ०.७८ सेकंदात खाली येतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने आडवा भिरकावलेला गोटाही ०.७८ सेकंदातच खाली येतो. तेवढ्या वेळात तो साडेपंधरा मीटर पुढे गेलेला असतो, इतकाच फरक. त्याची वाट लांब आहे हे आपले म्हणणे खरेच आहे, पण ती लांब वाट तो त्याच प्रमाणात जास्त वेगाने कापतो.

मग आपला अनुभव उलटा का? जोराने फेकताना हात नकळत थोडा वर जातो. गोटा आधी वर चढतो, मग उतरतो, आणि त्यामुळे हवेत जास्त वेळ राहतो. मचाणावर बसून अगदी आडवी फेक साधणे भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून ही परीक्षा घरात टेबलावर घ्यावी. टेबलाच्या कडेशी एक पट्टी अशी तिरपी ठेवावी की तिचे एक टोक बाहेर डोकावेल. त्या बाहेरच्या टोकावर एक नाणे ठेवावे आणि दुसरे नाणे टेबलावरच, पट्टीला टेकून, कडेजवळ ठेवावे. पट्टीचे आतले टोक बोटाने दाबून धरावे आणि बाहेरच्या टोकाजवळ दुसऱ्या नाण्याच्या दिशेने टिचकी मारावी. पट्टी खालून निसटल्यामुळे पहिले नाणे जवळजवळ सरळ खाली पडते आणि दुसरे दूर फेकले जाते. त्या वेळी डोळे मिटून कान द्यावेत. शहाबादी फरशीवर दोन आवाज न येता एकच ‘ठण्ण’ ऐकू येतो.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालेल्या एसटीत बसून नाणे उडवून झेलणाऱ्यालाही हाच अनुभव येतो, फक्त त्याच्या तो ध्यानात येत नाही. बस ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर नाणे अर्धा सेकंद हवेत असताना ती सव्वाआठ मीटर पुढे सरकते. नाण्याने हातातला आडवा वेग जपला नसता, तर ते मागच्या बाकावरच्या प्रवाशाच्या कपाळावर बसले असते. गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी उतरणीवरून गोळ्या घरंगळवून, त्या टेबलाच्या कडेवरून किती दूर पडतात हे मोजले, आणि १६३८ साली लायडन येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात ही दोन खाती वेगळी मांडून दाखवली. आडवी चाल एकसारखी आणि पडणे वाढत्या वेगाचे, म्हणून फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त (पॅराबोला) या वक्राचा होतो, हे त्यानेच सिद्ध केले.

प्रश्न (मोर्शी, जि. अमरावती) : संत्र्याच्या बागेसाठी विहिरीवर नवीन मोटर बसवली. विकणाऱ्याने सांगितले होते तेवढे पाणी ती देत नाही असा मला संशय आहे. पाणी मोजण्याचे मीटर नाही, टाकी नाही, पाणी थेट पाटात पडते. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि तो दर्यापूरच्या पत्रातच दडलेला आहे. पाइपाच्या तोंडातून आडवी निघणारी धार म्हणजे एकामागून एक आडवे फेकलेले असंख्य गोटेच होत. प्रत्येक थेंबाचे पडणे सारख्याच गतीने होते, त्यामुळे पडण्याची उंची हेच आपले घड्याळ. कोणतीही वस्तू स्थिर स्थितीतून पाव सेकंदात ३०.६ सेंटीमीटर पडते. धार हळू असो की जोरात, तोंडापासून ३०.६ सेंटीमीटर खाली आलेल्या पाण्याला बाहेर पडून बरोबर पाव सेकंद झालेला असतो. तेवढ्या वेळात ते पुढे किती सरकले हे मोजले, की त्याची चौपट म्हणजे दर सेकंदाचा वेग.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. पाइपाचे शेवटचे तोंड नीट पातळीत आणावे. गवंड्याची पाणपातळी मिळाली तर उत्तम, नाही तर अर्धी भरलेली पारदर्शक बाटली आडवी ठेवूनही पातळी पाहता येते. तोंडाआधीचा दोन-तीन फुटांचा भाग सरळ असावा, त्यात कोपर नसावा. पाइप तोंडापर्यंत पूर्ण भरून वाहत असला पाहिजे. वरून रिकामा राहत असेल तर पुढचा सगळा हिशेब व्यर्थ आहे. आता लाकडाची एक सरळ पट्टी पाइपाच्या पाठीवर, धारेच्या दिशेने पुढे निघेल अशी ठेवावी. तिच्या पुढच्या टोकाला काटकोनात खाली लोंबणारी एक काडी ठोकावी, ३०.६ सेंटीमीटर लांबीची, अधिक पाइपाच्या भिंतीची जाडी, कारण धारेचा वरचा पृष्ठभाग पाइपाच्या आतल्या कडेपासून निघतो, बाहेरच्या पाठीपासून नाही. मग पट्टी मागेपुढे सरकवावी. काडीचे खालचे टोक धारेच्या वरच्या पृष्ठभागाला जेमतेम शिवले आणि पाण्यावर बारीकशी रेघ उठली, की पट्टी तिथेच धरावी आणि पाइपाच्या तोंडापासून काडीपर्यंतचे अंतर मोजावे.

समजा ते ५० सेंटीमीटर भरले. पाव सेकंदात ५० म्हणजे सेकंदाला २०० सेंटीमीटर. पाइपाचा आतला व्यास ७ सेंटीमीटर असेल, तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटीमीटर होते. त्याला २०० ने गुणले की सेकंदाला ७,७०० घन सेंटीमीटर, म्हणजे ७.७ लिटर. तासाला सुमारे २७,७०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर ही मोटर पावणेबावीस मिनिटांत भरेल.

इथे एका चुकीपासून जपावे. पीव्हीसी पाइपावर ७५ मिलिमीटर असे छापलेले असते ते बाहेरच्या व्यासाचे माप असते. तोच आकडा आतला समजून हिशेब केला तर ७.७ ऐवजी ८.८ लिटर येतात, म्हणजे मोटरच्या पदरी पंधरा टक्के पुण्य फुकट पडते. व्यासाचा वर्ग घ्यावा लागतो, म्हणून व्यासातली चूक जवळपास दुप्पट होऊन उत्तरात उतरते. आडवे अंतर मोजताना एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर दोन टक्क्यांचाच फरक पडतो, तो सोसण्यासारखा आहे. अर्ध्या मीटरच्या अंतरात हवेचा अडथळाही धरण्याजोगा नसतो. पाणी मोजण्याची ही रीत अभियंत्यांच्या वापरात पूर्वीपासून आहे.

विकणाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्यापूर्वी दोनदा मोजावे, ही माझी विनंती. एकदा लाईन आल्याबरोबर आणि एकदा दोन-तीन तासांनी. विहिरीतली पातळी उतरत जाते तसे मोटरला पाणी जास्त उंच चढवावे लागते आणि धार आखडते. विजेचा दाब कमी असलेल्या लाईनवरही तेच होते. पहिल्या मोजणीत पाणी पुरेसे आणि तिसऱ्या तासाला अपुरे असेल, तर दोष मोटरीचा कमी आणि विहिरीचा जास्त आहे.

प्रश्न (वरोरा, जि. चंद्रपूर) : वर फेकलेला चेंडू सर्वात उंच ठिकाणी क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याच्यावरचे बल शून्य होते का?

उत्तर : नाही. शून्य होतो तो वेग, आणि तोही फक्त सरळ वर फेकलेल्या चेंडूचा. बल शून्य झाले असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. तिरपा फेकलेला चेंडू तर माथ्यावरही थांबत नाही, कारण त्याचा आडवा वेग कायम असतो. हातातून सुटल्यावर ‘फेकीचा जोर’ चेंडूसोबत प्रवास करतो आणि तो संपला की चेंडू पडू लागतो, ही समजूत युरोपात शतकानुशतके टिकली. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत ती अजून टिकून आहे. हात सुटला की हाताचे बल संपले. पुढे सर्व वेळ असते ते फक्त वजन, आणि हवेचा विरोध.

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ) : मी नववीत आहे आणि तालुका पातळीवर गोळाफेक खेळते. ४५ अंशांत फेकले की सर्वात लांब जाते असे पुस्तकात वाचले, पण मोठे खेळाडू त्याहून खाली फेकताना दिसतात. खरे काय?

उत्तर : तुझे निरीक्षण अचूक आहे. ४५ अंशांचा नियम आधी समजून घे, म्हणजे तो कुठे लागू पडत नाही हे आपोआप कळेल.

लांब जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात : हवेत राहायला वेळ आणि पुढे जायला वेग. उभा वेग पहिली गोष्ट देतो, आडवा वेग दुसरी. पल्ला या दोघांच्या गुणाकारावर ठरतो. एक आयत काढ. आडवी बाजू म्हणजे आडवा वेग, उभी बाजू म्हणजे उभा वेग, आणि कर्ण म्हणजे तू गोळ्याला दिलेला वेग. कर्णाची लांबी तुझ्या ताकदीने ठरलेली आहे, ती बदलता येत नाही. ठरलेल्या कर्णाच्या सर्व आयतांत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वात मोठे असते, आणि चौरसाचा कर्ण ४५ अंशांत असतो. इटलीच्या तार्तालिया या गणितज्ञाने १५३७ साली तोफेसाठी हा कोन सांगितला होता, जरी गोळ्याचा मार्ग त्याने चुकीचा रेखाटला होता. याच आयतावरून आणखी एक गोष्ट दिसते. ३० अंशांचा आयत उभा केला की तो ६० अंशांचा होतो, क्षेत्रफळ तेच राहते. म्हणून सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटलेला गोफणीचा गोटा ३० अंशांत मारा किंवा ६० अंशांत, हवा नसती तर दोन्ही वेळा साडेएकोणऐंशी मीटरवरच पडला असता. पहिला तीन सेकंदांत, दुसरा सव्वापाच सेकंदांत. पाखरे उठवायची असतील तर अर्थातच पहिला बरा. (लहानपणी माझा गोटा मात्र नेहमी तिसरीकडेच जाई. गोफणीची दोरी ज्या क्षणी सुटते त्या क्षणी गोटा वर्तुळाच्या स्पर्शरेषेने निघतो, हे मला शेजारच्या गोठ्याची दोन कवेलू फुटल्यावर समजले.)

आता गोळाफेक. वरचा नियम गोळा ज्या पातळीवरून सुटतो त्याच पातळीवर पडतो असे धरतो. तुझा गोळा खांद्याच्या वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. ही उंची त्याला हवेत राहण्याचा थोडा वेळ फुकट देते, म्हणून वेळ विकत घेण्यासाठी वर फेकण्यात कमी खर्च करून पुढच्या वेगाकडे जास्त लक्ष दिलेले चांगले. गोळा १.६ मीटर उंचीवरून सेकंदाला ९ मीटर वेगाने सुटतो असे धरले, तर सर्वात चांगला कोन ४० अंशांच्या किंचित वर येतो आणि गोळा ९.७३ मीटर जातो. त्याच वेगाने ४५ अंशांत फेकला तर ९.६४ मीटर. फरक नऊ सेंटीमीटरचा! शिवाय माणसाचे शरीर गोळ्याला उंच कोनापेक्षा थोड्या खालच्या कोनात जास्त जोराने ढकलू शकते, म्हणून मोठ्या खेळाडूंचा कोन आणखी उतरून ३५ ते ३८ अंशांच्या आसपास येतो.

पण कोन मोजत बसू नकोस. तेवढ्याच उंचीवरून वेग ९ चा साडेनऊ झाला, तर गोळा १०.६९ मीटर जातो. कोन सुधारून नऊ सेंटीमीटर आणि वेग अर्ध्या मीटरने वाढवून शहाण्णव सेंटीमीटर, यांतले काय निवडायचे ते तुला सांगायला नको. सराव पायांचा आणि कमरेच्या झटक्याचा कर.

प्रश्न (कारंजा, जि. वाशीम) : हरभऱ्याला स्प्रिंकलरने पाणी देतो. नोझलची तोटी ४५ अंशांपेक्षा बरीच खाली झुकलेली असते. ती उंच केली तर पाणी दूर जाऊन पाइप कमी लागणार नाहीत का?

उत्तर : शेतीच्या स्प्रिंकलरच्या तोट्या साधारण २३ ते २७ अंशांच्या असतात, आणि त्या तशा मुद्दामच केलेल्या असतात. आतापर्यंतच्या उत्तरांत मी हवेला बाजूला ठेवत आलो. स्प्रिंकलरच्या बाबतीत ते चालत नाही.

हिशेब करून पाहा. दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो दाबावर नोझलमधून पाणी सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने निघते. हवा नसती तर ते २५ अंशांत ३८ मीटर आणि ४५ अंशांत ५० मीटर गेले असते. आपल्या वावरात ते बारा ते पंधरा मीटरवर पडते, म्हणून तर बारा-बारा मीटरवर स्प्रिंकलर उभे करावे लागतात. उरलेला पल्ला हवेने खाल्ला. धार फुटून थेंब झाले की प्रत्येक थेंबाला स्वतःचा हवेचा विरोध सोसावा लागतो. थेंब जितका बारीक तितके त्याचे वजन कमी, आणि वजनाच्या मानाने हवेला भिडणारे अंग जास्त. उपणताना सुपातून धान्य आणि भुसा एकाच वाऱ्यात पडतात, धान्य पायाशी राहते आणि भुसा दूर जातो. त्यामागेही हेच कारण आहे. एक हजार मीटरवरून पडणारा पावसाचा थेंब हवेअभावी सेकंदाला १४० मीटर वेगाने डोक्यावर आदळला असता. २ मिलिमीटरचा थेंब प्रत्यक्षात सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास येऊन पोहोचतो.

हवेत पुढचा वेग लवकर झिजतो, म्हणून उंच चढून मिळवलेला जास्तीचा वेळ फारसा कामाचा राहत नाही. तेवढा वेळ थेंब जवळजवळ सरळ खालीच येत असतो. त्यातच वारा जमिनीपेक्षा उंचावर जोरात असतो. तोटी उंच केली तर वर गेलेले पाणी वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ राहील आणि आपल्या हरभऱ्याऐवजी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर पडेल.

दाब वाढवून पल्ला वाढवण्याचा मोहही बऱ्याच जणांना होतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाब गेला की धारेचे धुके होते, थेंब बारीक होतात आणि पल्ला उलट घटतो. दाब फारच कमी असेल तर थेंब मोठे पडतात, काळ्या जमिनीवर त्यांच्या माराने पापुद्रा धरतो आणि स्प्रिंकलरभोवती पाण्याचे कडे तयार होऊन मधला भाग कोरडा राहतो. पाइप वाचवण्यापेक्षा नोझलचे भोक झिजून मोठे झाले आहे का ते तपासावे. नोझलच्या मापाच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा भोकात घालून पाहावा. तो सैल डुलू लागला तर नोझल बदलावे.